चाळिसाचा सा

वाटूर फाट्याच्या अलीकडं गाडीत कुणीतरी रडायला लागलं.
आधी वाटलं, मागच्या सीटवरची पेटी,
मंठ्याच्या शाळेची, भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली,
खड्डा आला की आपसूक हुंकारते.
पण पेटीचा सूर मला झोपेतही ओळखू येतो.
हे डॅशबोर्डातून येत होतं,
आणि मीटरचा काटा तीस ते सत्तरमध्ये
बाजारात पोर हरवलेल्या बाईसारखा
इकडून तिकडं, तिकडून इकडं.

पंधरा दिवस तसाच हिंडलो. जालना, मंठा, परतूर, परत जालना.
पहिल्या दिवशी वैतागलो.
तिसऱ्या दिवशी ऐकायला लागलो.
मैलाचे दगड मोजले, मनगटावरचं घड्याळ लावलं:
किलोमीटरला दीड मिनिट, म्हणजे चाळीस.
चाळिसाला गाडी काळी एक धरते.
पंचेचाळिसाला रिषभ.
पन्नासला गंधार, आणि तो असा नितळ
की मी पट्टी हळूहळू चाळिसावर आणून
पुन्हा पन्नासला नेऊन ऐकला.
पेटीतला गंधार जरा चढाच राहतो, कितीही खरवडा.
हा नव्हता.
साठाला पंचम.
ऐंशीला वरचा सा लागला असता,
पण चौऱ्याऐंशी सालची फियाट,
तिच्याकडं कोण मागणार?

काट्याकडं बघणं सोडून दिलं मी.
काटा खोटा, रडणं खरं.

मग इंदुमतीला दाताच्या डॉक्टरकडं नेलं.
ती अख्खा रस्ता कानात बोटं घालून बसली
आणि उतरताना म्हणाली,
दात राहू द्या, आधी हिला दाखवा.

जुन्या मोंढ्यामागं वाजेदचं गॅरेज.
"मीटर नाय काका, केबल सुकली."
मीटरमागं हात घालून बोटांच्या शेंड्यानं चकती सोडवली,
आतली तार ओढत राहिला,
हातभर, दोन हात, अजून,
काळी ठिक्कर, तेलाचं नाव नाही.
रॉकेलच्या फडक्यातून पुसून काढली,
फरशीवर लांब पसरली, एक टोक चिमटीत फिरवलं:
सरळ फिरते का उडी मारते.
एका जागी मारली.
"हितं बघा, कुण्या शहाण्यानं
आवरण स्टिअरिंगच्या दांड्याला सुतळीनं आवळलंय.
तारेला वळायला जागाच नाय ठेवली."
सुतळी मी ओळखली.
पेट्या बांधायच्या गुंडीतली होती.
बोललो नाही.

नवी तार नको म्हणाला, हीच चालंल.
ग्रीस बोटांवर घेऊन लावत गेला,
वरची चार बोटं कोरडी ठेवली.
का रे?
"ग्रीस चढतं, काका. मीटरात गेलं की मीटर मेलं."
मी मान हलवली.
स्वराच्या पट्टीचं असंच आहे.

खालचं चौकोनी टोक गिअरबॉक्सात बसेना.
तौसिफ गाडीखाली, फक्त चपला दिसणाऱ्या:
"फिरवा... जरासं... आजून जरासं..."
टक्.

मंठा चौफुलीपर्यंत वाजेद शेजारी बसून आला.
गाडी गप्प.
काटा चाळिसावर खिळा ठोकल्यासारखा.
"बगा आता!"
म्हटलं, चाळिसाला काळी एक होती रे.
"काय व्हती?"
मग मी गुणगुणून दाखवलं, चाळीस, पन्नास, साठ,
सा, ग, प,
सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत राहिला.
वाजेदनं सगळं ऐकून घेतलं,
हाताचं ग्रीस पँटला पुसलं.
"आधी सांगायचं ना काका.
काटाच काढून दिला असता."

दीडशे रुपये घेतले. सुतळी परत दिली.

आता एकटाच.
डावं दार खडखडतं, हे आजच कळलं.
मागं पेटी, नवा भाता, गप्प बसलेली.
रामनगर सोडल्यावर रस्ता मोकळा,
काटा पन्नासावर.
गळ्यातल्या गळ्यात गंधार धरून पाहिला,
जरा चढा लागला.

पाय थोडा उचलला.